तिसऱ्या पट्टीची सुनावणी

या, असे दाराशी अवघडून नका बसू. आत सरका, पाठीला भिंत घ्या, पाय पसरा आणि मन तेवढं माझ्याकडे द्या. या घराण्याच्या पुष्कळ गोष्टी आजवर ऐकल्यात; आजची मात्र त्या दुपारची, जेव्हा एका टेबलावर जेवणारी माणसं एका सभागृहात समोरासमोर उभी राहिली आणि आकाशातल्या वाऱ्यानेही मधेच आपलं म्हणणं मांडलं. ज्याने वारा निर्माण केला त्यानेच माणसाला कान दिले. दोन्ही देणग्या त्या दिवशी एकदमच पदरात पडल्या. हसू आलं तर हसा, डोळे भरले तर पुसू नका.

तर सकाळ होती. गल्लीच्या टोकाचं ते घर, विमानतळाच्या कुंपणाला अगदी लागून. उतरणारं विमान छपरावरून जायचं तेव्हा त्याची चाकं मोजता यायची. अशा घरात बोलायचं कसं, याची एक रीत बाबांनी फार पूर्वी घालून दिली होती. विमान आलं की तोंडातलं वाक्य आहे तिथे ठेवायचं. ते गेलं की त्याच शब्दापासून उचलायचं. मधली जागा दुसऱ्या कोणी बळकवायची नाही.

"मी एवढंच म्हणते," वहिनी सांगत होती, "ज्या समितीला तिसऱ्या धावपट्टीचा निकाल द्यायचाय, तिने एकदा तरी इथं बसून—"

विमान आलं. कपबशा थरथरल्या. वहिनीचा हात हवेत राहिला, बाबांचा चमचा हवेत राहिला. आई चहाचा कप ओठाशी धरून डोळे मिटून बसली. विमान गेलं.

"—ऐकावं. म्हणून तर भांडून सुनावणी शहरातल्या कचेरीतून आपल्या गल्लीच्या सभागृहात आणली."

"झालं तुझं? आता माझं," बाबा म्हणाले. "शहर वाढलं, विमानं वाढली, पट्ट्या आहेत तेवढ्याच. सकाळी विमानं आकाशात घिरट्या घालत बसतात. तिसरी पट्टी हवी. आणि ती इथेच हवी."

"इथेच म्हणजे माझ्या कारखान्यावर."

"आपल्या घरावर," आईने दुरुस्ती केली. "तुझा कारखाना खाली, माझं स्वयंपाकघर वर. पट्टी दोघींवरून जाणार."

वहिनी पियानो जुळवायची, मोडलेले दुरुस्त करायची. तळमजल्यावर तिच्याकडे पियानोंचे उघडे पडलेले लाकडी पेटारे, तारांची वेटोळी, हातोड्यांच्या लोकरी गाद्या, आणि वाद्यांचा तो जुना, गोड वास. ती कामही विमानांच्या मधल्या फटीत करायची: तार छेड, ऐक, किल्ली फिरव, थांब. हे सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं असं सरकारी माणसं म्हणत. वहिनी म्हणायची, पेटारे नेता येतील हो; या भिंतींशी माझ्या कानाची ओळख आहे, ती कोणत्या गाडीत भरू?

शहराला विमानतळ दोन. एक हा जुना, वस्तीच्या पोटात. दुसरा दूर समुद्राकाठी, एका पट्टीचा, अर्धा वेळ वारा खात पडलेला. वाढ कुठे करायची, यावर वर्तमानपत्रांपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत भांडणं चालली होती, मग हे घर कसं सुटणार? बाबांचं आयुष्य जुन्या विमानतळाच्या मनोऱ्यात विमानांना वाट दाखवण्यात गेलं. आता त्याच मनोऱ्यात, त्याच काचेमागे, त्यांची मुलगी बसायची. तिला घरात सगळे धाकटी म्हणत. तिचा थोरला भाऊ, दादा, खाली विमानांच्या पोटात सामान चढवणाऱ्या टोळीचा मुकादम. नवी पट्टी म्हणजे नवं काम, म्हणून त्याची टोळी पट्टीच्या बाजूची. आणि टोळीचा मुकादम बायकोच्या बाजूला कसा जाणार?

"आज तरी ते पिवळं जाकीट घालून येऊ नका," वहिनी त्याला म्हणाली. "लोक म्हणतील, घरातच फूट आहे."

"कामावरून थेट येणार मी. मग काय उघडा येऊ?"

"या!" आई म्हणाली. "समितीची झोप तरी उडेल."

सगळे हसले, बाबासुद्धा. हसता हसता सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे वळल्या, कारण ती आज मनोऱ्यातल्या कामाची जाणकार म्हणून बोलणार होती आणि कोणाच्या बाजूने बोलणार ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"ती माझ्याच शाळेत शिकली आहे," बाबा म्हणाले.

"आणि माझ्या हातचं खाऊन मोठी झाली आहे," वहिनी म्हणाली.

"दोघांचंही पचलंय," धाकटी उठत म्हणाली. "दुपारी काय ते सांगेन. आता जाऊ द्या, कामाची पाळी आहे."

जिन्यात बाबांनी तिला गाठलं. ती बूट चढवत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं ते बाबांनी पाहिलं होतं. कारणही त्यांना माहीत होतं. मागच्या महिन्यात दोन विमानं एकमेकांच्या नको तितकी जवळ आली होती. आवाज न चढवता तिने ती वेगळी केली आणि घरी येऊन न जेवता निजली.

"बाबा, वहिनीला एक सांगा," ती म्हणाली. "आज दुपारी वारा फिरणार. पश्चिमेचा आहे तो पूर्वेचा होईल. मग विमानं उलट्या बाजूने उतरतील, उडणारी दुसऱ्या पट्टीवरून जातील. सुनावणीच्या वेळी गल्लीवर एकही येणार नाही."

बाबांचा चेहरा एकदम उजळला. इतका, की तो लपवायला त्यांना भिंतीकडे बघावं लागलं.

"सांगाल ना? मला आता थांबता येत नाही."

"तू जा. उशीर होईल."

सांगतो, असं ते म्हणाले नाहीत, आणि धाकटीच्या ते लक्षात आलं नाही. पण जिन्याखाली दादा जेवणाचा डबा पिशवीत कोंबत होता. त्याने दोन्ही ऐकलं: मुलीने काय सांगितलं तेही, आणि बापाने काय सांगितलं नाही तेही.

आता बघा, दादाची काय दशा झाली असेल! वारा फिरतोय, बायकोची सभा फसतेय, म्हणजे आपली टोळी जिंकतेय. गप्प राहायचं, एवढंच काम. याहून सोपं काम मुकादमाला कधी मिळालं नसेल. तो कामावर गेला. पेट्या चढवल्या, उतरवल्या, एकदोघांवर उगाच ओरडला. मात्र दर थोड्या वेळाने त्याची मान मैदानाच्या कडेच्या खांबाकडे वळायची. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी तिथे सकाळपासून ताठ फुगलेली होती. दुपार जवळ आली तशी ती सैल पडली. मग लोंबली. दादाने हातातली पेटी तशीच खाली ठेवली.

"सांभाळ रे जरा!" जोडीदाराला म्हणाला.

"कुठं निघालास? सुनावणीला आपण सगळे मिळून जायचंय ना?"

"मी पुढं जागा धरतो!"

आणि पळाला. पोट सुटलेला, पिवळ्या जाकिटातला तो मोठा माणूस कुंपणाकडेने असा पळाला, की पहारेकऱ्याला वाटलं कुठे आग लागली. गल्लीत शिरला तेव्हा वहिनी सभागृहाच्या दारात खुर्च्या लावून घेत होती. डोक्यावरून एक विमान गेलं आणि दादा धापा टाकत, तोंड उघडं ठेवून, रीतीप्रमाणे थांबला. काय शिस्त म्हणावी ही!

"अगं," विमान गेल्यावर तो म्हणाला, "तू पहिली बोल. आत्ता. वारा फिरतोय."

"गल्लीच्या बाजूने माझं नाव शेवटी आहे. त्या वेळेला विमानांची रांग लागते, म्हणून मुद्दाम शेवटी घेतलंय."

"रांग लागणार नाही! तीच तर गोष्ट आहे. सगळी पलीकडून उतरणार."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या जाकिटाकडे.

"तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोणी म्हणजे?"

"तुमच्या लोकांनी? की बाबांनी? सगळी माणसं यायच्या आत मला बोलून मोकळं करायचं, म्हणजे रिकाम्या खुर्च्यांसमोर माझं भाषण. छान बेत आहे."

"अगं, मी पळत आलोय! मी कधी पळतो का?"

"तेच म्हणते. माझ्यासाठी कधी पळालात?"

हे कळलं कुठून ते सांगायचं तर बाबांचं नाव घ्यावं लागणार, आणि बाप उघडा पाडायची हिंमत दादात नव्हती. तो मागच्या रांगेत जाऊन बसला. त्याची टोळी आली आणि त्याच्या भोवती पिवळी धमक रांग भरली. पुढे गल्ली बसली. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. आई त्यांच्या शेजारी न बसता वहिनीच्या मैत्रिणींत जाऊन बसली. बाबांनी ते पाहिलं. आईने, त्यांनी पाहिल्याचं पाहिलं.

समिती आली. अध्यक्ष पांढऱ्या केसांच्या, शांत चेहऱ्याच्या बाई होत्या. एकेक जण बोलला. पट्टीवाले टाळ्या वाजवत, गल्लीवाले बाक बडवत, आणि सभागृहात अशी उकळी फुटली होती की उन्हाची तिरीप आत यायलाही जागा मागत असावी. त्या गदारोळात विमानांचे आवाज विरळ होत होत कधी थांबले, कोणाच्या ध्यानात आलं नाही. वहिनीच्याही नाही. ती मनात आपलं भाषण घोळवत होती.

तिने ते बांधलंच होतं निराळ्या रीतीने. दर चार-सहा वाक्यांनंतर एक मोकळी जागा, विमानासाठी. तिला वाटलं होतं, तिचे शब्द नाही पटले तरी त्या जागा समितीला पटतील.

"बाई, मी वाद्यं जुळवते," तिने सुरुवात केली. "माझं सगळं काम कानाचं. आम्ही इथे कसे जगतो ते मी सांगणार नाही. तुम्हीच ऐका."

आणि हात वर करून थांबली.

वहिनी थांबली म्हणून गल्ली थांबली. सवयच ती! पुढच्या रांगांतल्या माणसांचे पंखे हातात थांबले, कुजबुज थांबली, आई थांबली, बाबा थांबले, मागे दादा डोळे मिटून थांबला. बाकी सगळे वर बघत होते. वर नुसतं छत.

काहीच आलं नाही.

"काही विसरलात का?" अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं.

मागच्या पिवळ्या रांगेतून हसू फुटलं. "विमान चुकलं वाटतं बाईंचं!" कोणीतरी ओरडलं. दादा गर्रकन वळला. "गप रे!" म्हणाला, आणि स्वतःच्याच माणसावर असा डाफरला की टोळी चाट पडली.

वहिनीने दादाकडे पाहिलं. तो खरं बोलला होता. धापा टाकत आला होता आणि खरं बोलला होता. पुढचं सगळं भाषण त्या रिकाम्या जागांना टेकून उभं होतं. जागा मोकळ्या राहिल्या तर त्यात काहीच नव्हतं. आणि तशात, त्या शांततेत, तिला रस्त्यापलीकडे कोणीतरी भांडी विसळत असल्याचं ऐकू आलं. एका पोराचं खिदळणं. झाडावर काहीतरी किलबिललं. कान असलेल्या माणसाला देव असा मधेच हात देतो.

सभागृहाच्या कोपऱ्यात एक जुना पियानो होता. ती तिकडे गेली, झाकण उघडलं आणि खालच्या बाजूची एकच पट्टी दाबली. दाबूनच ठेवली.

सूर उठला. पसरला. टोळीतले, गल्लीतले, समितीतले, सगळे ऐकत राहिले. तो बारीक झाला, आणखी बारीक झाला. आता संपला असं वाटलं तरी उरलाच होता, वासासारखा. मग कुठेतरी, कोणालाही न कळता, नाहीसा झाला.

"या एका सुराला पुरतं विरायला जेवढा वेळ लागतो ना," वहिनी म्हणाली, "तेवढा सलग वेळ आम्हाला क्वचित मिळतो. आज मिळाला. तुम्ही आलात तेव्हाच मिळाला, हे माझं नशीब. आज इथे जे ऐकताय, ते आमचं नाही. जे आमचं आहे, ते आज दुसरीकडे गेलंय."

"कुठे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मैत्रिणी डोळ्यांनी खुणावत होत्या, नको सांगू म्हणून. पण ती सूर जुळवणारी बाई; खोटा लागलेला तिला ऐकवत नसे.

"मैदानाच्या पलीकडे, उतारावरच्या वस्तीवर. वारा फिरला की आमचं त्यांच्या माथी जातं. त्यांच्याकडेही पोरं झोपवत असतील, बाई. माझं घर वाचवा म्हणायला मी आले होते. आता म्हणते, त्यांच्याकडेही जाऊन बसा. आत्ताच."

टाळी कोणी वाजवली नाही. मागे टोळीतला तो मघाचा ओरडणारा मान खाली घालून बसला होता; तो उतारावरच राहायचा.

तेवढ्यात दार लोटून धाकटी आत आली. मनोऱ्यातली पाळी संपवून थेट. सभागृहातली शांतता पाहून तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि तिला जिन्यातलं सगळं उमगलं. "बाबा, तुम्ही सांगितलं नाहीत," एवढंच ती जाता जाता म्हणाली. हळू म्हणाली, पण त्या दिवशी हळू बोललेलंही ऐकू जात होतं. आईने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं.

धाकटी समितीसमोर उभी राहिली. "पट्टी हवी," ती म्हणाली. पिवळ्या रांगेने टाळ्यांचा कडकडाट केला. तिने तो संपू दिला. "हवीच. पण इथे नको. समुद्राकाठी हवी."

आता गल्लीने बाक बडवले आणि बाबा ताडकन उभे राहिले.

"अध्यक्षबाई, हिला एक विचारू? मी हिचा बाप आहे आणि शिक्षकही."

"विचारा."

पूर्वी ते स्वयंपाकघराच्या टेबलावर कपबशा मांडून तिची परीक्षा घेत, अगदी तसाच त्यांचा आवाज झाला. "तिसरी पट्टी इथे झाली आहे. तिन्हींवर विमानं उतरतायत. मधल्याला जमिनीपाशी येऊन उतरता आलं नाही, ते पुन्हा वर उठलं. काय करशील?"

"उजवीकडे वळवीन."

"उजवीकडे टेकडी आहे."

"म्हणून डावीकडे वळवीन."

"डावीकडे तिसऱ्या पट्टीवर उतरणारं आहे. त्याला?"

"त्याला वर उठवून आणखी डावीकडे."

"हं. मग?"

"मग काही नाही, बाबा. आणखी डावीकडे समुद्राकाठच्या विमानतळावर उतरणाऱ्यांची रांग आहे. जागा संपली."

"उंची दे."

"वर आपलीच उडालेली विमानं आहेत."

"थांबव त्यांना."

"उडालेली कशी थांबवू?"

"नीट बघ!" बाबा ओरडले.

"बघितलंय!" धाकटीही ओरडली. तिचा चढलेला आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. "मागच्या महिन्यात बघितलंय! दोनच पट्ट्या असताना बघितलंय, बाबा. त्या दोन विमानांत माणसं भरली होती आणि माझ्याकडे एकच कोपरा शिल्लक होता. तिथे एकाला ढकललं म्हणून ती माणसं आज जेवतायत. तो कोपरा तुम्ही तिसऱ्या पट्टीला देऊ बघताय. समुद्रावर जागाच जागा आहे. तिकडे वाढवा, इथली कमी करा. मग इथला मनोरा ओस पडेल, मला ठाऊक आहे. मी तिथेच बसते ना? तुमच्याच जागेवर बसते."

घरात त्यांचं कुठलंही भांडण विमान येऊन अर्ध्यावर तुटायचं आणि तोवर राग निवायचा. आज आकाश मदतीला येईना. बाबांचा उजवा हात हवेत होता, बोटं थोडी वाकलेली. मनातल्या मनात ते विमानं सरकवत होते. हे इकडे. ते तिकडे. टेकडी. समुद्र. त्यांनी पुन्हा मांडलं. पुन्हा मोडलं. आयुष्यभर ज्या आकाशात त्यांनी प्रत्येकाला जागा काढून दिली, त्यात आज एकाला जागा निघेना. आणि ते निघत नाही, हे त्यांना आधीपासून कळत होतं की काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर ऐकलं.

हात खाली आला.

"पोरीचं बरोबर आहे," ते समितीला म्हणाले. "नोंदवून घ्या. माझ्या बोलण्याची पाळी आहे ना पुढे? तीही तिलाच द्या."

आणि बसले. बसले तेव्हा शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आई येऊन बसली होती.

पुढे समितीने तिसऱ्या पट्टीचा बेत मोडीत काढला आणि समुद्राकाठी दुसरी पट्टी घातली, हे तुम्ही जाणताच. पण मला ती दुपार सोडवत नाही. सभा उठली तेव्हा सगळी गल्ली एकदम बोलत होती. टोळीने दादाला घेरलं होतं, "तिकडे रोज कसं जायचं रे मुकादम?" म्हणून. "गाडी मागू!" दादा म्हणाला. "नाही दिली तर मी पळत जाईन, मला आता सवय झाली." वहिनीने गर्दीत त्याच्या जाकिटाची कड धरली.

"मघाशी मी ऐकलं नाही तुमचं."

"एवढे कान तयार असून!"

"चला आता घरी, पाणी प्या. चेहरा बघा कसा झालाय." आणि जाकीट तिने सोडलं नाही.

धाकटी पायऱ्यांवर एकटी बसली होती. वहिनी तिच्यापाशी आली. शेजारी टेकली.

"माझं घर राहिलं तर तुझी जागा जाईल गं," ती म्हणाली.

"समुद्राकाठी काचा जास्त चांगल्या असतात म्हणे, वहिनी. फार लांब दिसतं." धाकटी हसली, आणि हसता हसताच तिने बाहीने डोळे पुसले. वहिनीने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. बाबा दारात उभे होते. ते पुढे आले, पायरीवर लेकीच्या दुसऱ्या बाजूला टेकले आणि म्हणाले, "तिकडे पहिल्या दिवशी जाशील तेव्हा मला बरोबर ने. तिथला वारा कसा वागतो ते मला नवीन आहे. तू शिकव."

ऐकलंत ना? तर आता माझं एक मागणं आहे. कधी विमानात बसलात, चाकं जमिनीला टेकली आणि तुम्ही देवाचं नाव घेतलंत, तर त्याच्या जोडीला एक आठवण तिचीही काढा. कोणाला दिसत नाही अशा काचेमागे ती तुमच्यासाठी आकाशात एक कोपरा मोकळा राखून बसलेली असते. आणि तो राखता यावा म्हणून तिने एकदा, भरल्या सभेत, स्वतःची जागा सोडली होती.